घरच्या घरीं रंगीत फिल्म धुणें : रसायनांची निवड

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत रिहे नांवाचें गांव आहे. पावसाळ्यांत सह्याद्रीवरून उतरणारे ढग या भागांत मुक्कामच ठोकतात. भाताचीं खाचरें भरून वाहूं लागतात, आणि कोपऱ्यांत ठेवलेल्या चामड्याच्या वहाणांवर चार दिवसांत बुरशी धरते. समजा, येथें एका कुटुंबाचें जुनें घर आहे. तें उतरवून नवें बांधावयाचें ठरलें आहे, आणि उतरविण्यापूर्वीं घरांतील कोणीतरी जुना कॅमेरा काढून छत्तीस छायाचित्रांची एक रंगीत फिल्म खर्ची घातली आहे : ओसरी, माजघर, देवघराचा कोनाडा, आजीचें उखळ, आणि उखळाशीं बसलेली आजीहि. पुढच्या आठवड्यांत घर राहिलें नाहीं. फिल्म मात्र आहे. तिच्यावर सारें उमटलेलें आहे, पण डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. तें दृश्य व्हावयाचें तर फिल्म धुतली पाहिजे, आणि ती एकदांच धुतां येते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं ही चिंता कोणास पडली नसती. पुण्यांत पेठापेठांतून रंगीत फिल्म तासाभरांत धुवून देणारीं यंत्रें चालत असत. पुढें डिजिटल कॅमेरे आले, त्यांच्या मागून भ्रमणध्वनीनें तर सारें छायाचित्रणच खिशांत आणून ठेवलें, आणि तीं यंत्रें एकामागून एक थंडावलीं. जीं थोडीं उरलीं, त्यांना रोजचें पुरेसें काम नसतें. आणि ज्या यंत्रास काम नाहीं, त्यांतलें रसायन नासत जातें. म्हणून फिल्मची हौस नव्यानें जडलेलीं माणसें अलीकडे घरींच फिल्म धुवूं लागलीं आहेत. रसायनांचे तयार संच परदेशांतून येतात व घरपोंच मिळतात. परंतु संच अनेक, त्यांचीं स्तुतिस्तोत्रेंहि अनेक, आणि घेणाऱ्याचा गोंधळ त्याहून मोठा.

घरांत फिल्म धुणें ही महाराष्ट्राला अपूर्वाईची गोष्ट नाहीं. १९१२ सालीं दादासाहेब फाळके विलायतेहून परतले आणि दादरच्या राहत्या घरींच त्यांनीं आपला कारखाना थाटला. कोऱ्या फिल्मला अंधारांत छिद्रें पाडणें, रसायनें कालविणें, फिल्म धुणें या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा हात होता. दिवसा मंडळींचा स्वयंपाक आणि रात्रीं हें काम. १९१३ च्या मे महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला, त्याच्या मागें हें माजघरांतलें रसायनशास्त्र उभें होतें. ती फिल्म अर्थात् काळीपांढरी. रंगाचें प्रकरण निराळें आहे, हें वीस वर्षांनीं प्रभात कंपनीच्या प्रत्ययास आलें. १९३३ च्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनींत काढविण्यांत आल्या. प्रती आल्या, पण रंग मनाजोगे उतरले नाहींत, आणि एवढ्या खर्चानें व हौसेनें केलेला तो प्रयोग तेथेंच थांबला. काळेंपांढरें चित्र थोडें बिघडलें तरी चित्र राहतें. रंग थोडा बिघडला कीं पाहणाऱ्याच्या डोळ्याला प्रथम तोच खुपतो.

हा फरक कां पडतो, तें समजल्यावांचून रसायनांची निवड करणें म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ होय. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्यें चांदीचे बारीक कण हेंच चित्र असतें. रंगीत फिल्ममध्यें चांदी ही केवळ मध्यस्थ. तेथें प्रामुख्यानें तीन थर एकावर एक बसविलेले असतात. वरचा थर निळ्या प्रकाशास जागा होतो व त्यांत पिवळा रंग उपजतो. मधला हिरव्या प्रकाशास, त्यांत किरमिजी. तळचा तांबड्या प्रकाशास, त्यांत आकाशी. डेव्हलपर हा प्रकाश लागलेल्या कणांची चांदी मोकळी करतो, आणि तें करीत असतां त्याचें स्वतःचें जें रूपांतर होतें, तें थरांत आधींच पेरून ठेवलेल्या द्रव्याशीं जुळून रंग तयार करतें. ही युक्ति रुडोल्फ फिशर या जर्मन रसायनज्ञानें १९१२ सालीं मांडली, म्हणजे फाळके विलायतेहून परतले त्याच वर्षीं. ती बाजारांत येण्यास मात्र पुढें चोवीस वर्षें लागलीं. रंग तयार झाल्यावर चांदीचें काम संपतें. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थानें मांडवांत फार वेळ रेंगाळूं नये, तद्वत् ती फिल्ममधून काढून टाकावी लागते. तिला पुन्हां विरघळण्याजोगी करण्याचें काम ब्लीचचें, आणि विरघळवून बाहेर नेण्याचें काम हायपोचें, म्हणजे फिक्सरचें.

आज बाजारांत मिळणारी बहुतेक सर्व रंगीत निगेटिव्ह फिल्म ज्या पद्धतीनें धुतात, ती कोडाक कंपनीनें १९७२ मध्यें आणली. तिचें नांव सी-४१. फिल्म कोणत्याहि कंपनीची असो, डबीवर हें नांव असलें कीं रसायन एकच चालतें. डेव्हलपरचें उष्णतामान ३७.८ अंश सेंटिग्रेड, आणि वेळ तीन मिनिटें पंधरा सेकंद. कारखान्याच्या कसोटीप्रमाणें हें उष्णतामान एका अंशाच्या सातव्या हिश्शाइतकेंच इकडे-तिकडे व्हावें. घरांत इतकें काटेकोर साधत नाहीं, व साधलें नाहीं म्हणून फिल्म वायां जाते असेंहि नाहीं. परंतु या अंकांवरून एक गोष्ट उघड होते. सव्वातीन मिनिटांत वरचा थर आधीं भिजतो, तळचा मागून. तिन्ही थरांनीं एकाच वेळीं ठरलेल्या मजलेस पोंचावें, असा हिशेब फिल्म करणारानें घातलेला असतो. उष्णता वा वेळ चुकली, किंवा डेव्हलपर दुबळा झाला, कीं एक थर पुढें जातो, दुसरा मागें राहतो. मग छायेंत हिरवट झांक व उजेडांत गुलाबी, असा दुटप्पी रंग येतो. सबंध चित्र निळसर असेल तर मागाहून तें सुधारतां येतें. दुटप्पी रंग पुरता सुधारणें फार अवघड.

ब्लीच आणि हायपो यांचें तसें नाहीं. तीं दोन्ही कामें पूर्ण होईपर्यंत चालावयाचीं असतात. सहा मिनिटांऐवजीं आठ मिनिटें लागलीं, पाणी दोन अंश थंड होतें, तरी बिघडत नाहीं. इतकेंच नव्हे, तर ब्लीच अपुरें झालें व चांदी आंत राहून चित्र मळकट दिसूं लागलें, तर तीच फिल्म महिन्यानें, वर्षानेंहि, ताज्या ब्लीचमध्यें व हायपोंत पुन्हां घालतां येते. डेव्हलपरची चूक मात्र कायमची. तेव्हां पैसा आणि काळजी कोठें खर्च करावी, याचें उत्तर यांतच आलें : डेव्हलपर ताजा हवा, आणि बाकीच्या बाबतींत थोडी काटकसर चालेल.

आतां संचांकडे वळावें. कांहीं संच पुडीच्या रूपांत येतात, कांहीं दाट द्रवाच्या. पूड प्रवासाला सोपी. पार्सलांत फुटत नाहीं, गळत नाहीं, व न उघडलेली पुष्कळ दिवस टिकते. रिह्यासारख्या ठिकाणीं, जेथें वस्तु पुण्यावरून आणावी किंवा मागवावी लागते, तेथें हा गुण मोठा. परंतु पुडीची पुडी फोडली कीं ती सगळीच पाण्यांत घालावी लागते. अर्धी आज व अर्धी दिवाळींत, हा हिशेब येथें चालत नाहीं. कारण पुडींतील निरनिराळीं द्रव्यें सारखीं मिसळलेलीं नसतात, आणि अर्ध्या पुडींत कोणतें किती आलें हें कोणास सांगतां यावयाचें नाहीं. शिवाय पावसाळी हवेंत फोडलेली पुडी पाणी ओढून घेते. द्रवाचा संच थोडा थोडा मोजून घेतां येतो. महिन्यास एखादीच फिल्म धुणाऱ्यास तो सोयीचा, मात्र उघडलेल्या बाटलींत हवा शिरली कीं डेव्हलपरचा भाग काळवंडूं लागतो. फिकट चहासारखा रंग असतो तों ठीक. काळ्या कोऱ्या चहासारखा झाला कीं त्यावर भरंवसा ठेवूं नये.

बाटलींतील हवा घालविण्याची एक जुनी युक्ति आहे. काचेच्या स्वच्छ गोट्या बाटलींत टाकीत जावें, म्हणजे द्रव गळ्यापर्यंत चढतो व हवेस जागाच उरत नाहीं. घरांत मुलें असल्यास गोट्यांचा तोटा पडत नाहीं, आणि त्यांना त्या परत मिळणार नाहींत हें आधींच सांगून ठेवावें.

एक लिटरच्या संचांत साधारण आठ फिल्मा धुतां येतात असें करणारे सांगतात. धिटाईचे लोक त्यांत पंधरा-सोळाहि धुतात, व दर फिल्मेगणिक वेळ थोडा वाढवीत जातात. छंदाच्या फिल्मला हें ठीक. परंतु ज्या फिल्मवर जुनें घर आहे, ती नव्या डेव्हलपरांत पहिल्या दोन-तिनांत धुवावी. अगदीं पहिली मात्र नव्हे. पहिली एखादी बिनमहत्त्वाची, अंगणांतल्या जास्वंदीचीं चार छायाचित्रें घेऊन मुद्दाम धुवावी, म्हणजे हाताची आणि रसायनाची परीक्षा एकदमच होते.

छायाचित्राच्या मोठ्या प्रयोगशाळांसाठीं पांच, दहा लिटरच्या मापांत येणारीं रसायनें हिशेबानें फार स्वस्त पडतात, आणि चार-पांच हौशी मंडळींनीं मिळून घेतल्यास तीं परवडतात. यांत एक खांच आहे. त्या बाटल्यांवर पुष्कळदां ‘रिप्लेनिशर’ असें लिहिलेलें असतें. चालू यंत्रांतील दमलेल्या डेव्हलपरास पुन्हां जोर आणण्याकरितां तो भरावयाचा असतो, म्हणून तो मुळांतच तीव्र असतो. नव्यानें डेव्हलपर करतांना त्यांत ‘स्टार्टर’ नांवाचें दुसरें रसायन मोजून घालावें लागतें. तें न घेतां केवळ स्वस्ताईवर भुलून रिप्लेनिशर आणणाराच्या निगेटिव्ह भडक व दाट येतात, आणि दोष बहुधा फिल्मला दिला जातो.

घटक द्रव्यें सुटीं आणून स्वतःच डेव्हलपर बनविणारेहि आहेत. पोटॅशियम कार्बोनेट, सल्फाइट, ब्रोमाइड हीं मिळतात. रंग उपजविणारें मुख्य द्रव्य सीडी-४, तें लिटरला पांच ग्रॅमच्या आंतबाहेर लागतें. ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा तराजू आणि भरपूर चिकाटी असेल त्यानेंच या वाटेस जावें. सीडी-४ कातडीला बाधतें. एकदां त्याची खाज सुटूं लागली म्हणजे पुढें थोड्या स्पर्शानेंहि ती उठते. म्हणून संच तयार असो वा घरचा, रबरी हातमोज्यांवांचून बाटलीस हात लावूं नये. ब्लीचच्या जागीं स्वस्त म्हणून पोटॅशियम फेरिसायनाइड वापरण्याचीहि चाल आहे. तें काम करतें, पण डेव्हलपरचा अंश राहिला तर फिल्मवर डाग पाडतें, म्हणून मध्यें सल्फाइटच्या पाण्यांतून फिल्म काढावी लागते. आणि तीव्र आम्लाशीं त्याची गांठ पडल्यास विषारी वायु सुटतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या मोरींत हा उद्योग न करणें बरें.

ब्लीच व हायपो यांची निवड करतांना एक प्रश्न हटकून येतो. कांहीं संचांत हीं दोन्ही एकाच बाटलींत असतात, व त्या मिश्रणास ‘ब्लिक्स’ म्हणतात. अमेरिकेच्या सिनेस्टिल कंपनीचा प्रसिद्ध संच असाच दोन बाटल्यांचा आहे. इटलीच्या बेलिनी कंपनीच्या संचांत ब्लीच निराळें, हायपो निराळा. ब्लिक्समध्यें एक पायरी वांचते, नवशिक्याला तें सुटसुटीत वाटतें, आणि वर्षांतून एकदां पांच-सहा फिल्मा धुवून मोकळें होणाऱ्यास त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु ब्लीच हें प्राणवायु देणारें व हायपो तो सहज घेणारा. अशा दोघांस एका बाटलींत कोंडलें कीं तीं एकमेकांसच खात बसतात. ब्लिक्स म्हणूनच लवकर मरतो, आणि मरत आलेला ब्लिक्स चांदी मागें ठेवतो. रंग फिके व दाणेदार दिसतात. निराळें ब्लीच महिनोन्महिने टिकतें. अधूनमधून बाटली अर्धी ठेवून हवेनिशीं खळखळविली कीं त्यास पुन्हां जोर येतो. म्हणजे डेव्हलपरला हवा शत्रु, ब्लीचला मित्र. हायपोची परीक्षा त्याहून सोपी. फिल्मच्या टोंकाचा न धुतलेला तुकडा त्यांत टाकावा. तो निवळण्यास ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागूं लागला कीं हायपो संपला. सवड असलेल्या घरानें निराळ्या बाटल्यांचाच संच घ्यावा.

मात्र ब्लीचचा थेंब डेव्हलपरांत पडूं देऊं नये. एका थेंबाचाहि भरंवसा नाहीं. बाटल्या, झांकणें, मापें, नरसाळीं प्रत्येकाचीं निरनिराळीं, आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत नांवें. तीं भांडीं स्वयंपाकघरांत पुन्हां न्यावयाचीं नाहींत. आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्या या कामीं घेणें हा तर गुन्हाच समजावा, कारण मे महिन्यांत तहानलेलें मूल चिठ्ठी वाचीत नाहीं.

पाण्याचा विचार रिह्याकडे विशेष. काळ्या खडकांतल्या विहिरीचें पाणी पिण्यास गोड लागलें तरी त्यांत क्षार असतात. कार्बोनेटशीं ते मिळाले कीं पांढुरका साका बसतो व फिल्मवर टिपके उठतात. डेव्हलपर व शेवटचें पाणी हीं दोन शुद्ध पाण्यांत करावीं. मोटारींच्या बॅटरीसाठीं मिळणारें ऊर्ध्वपातित पाणी उत्तम, घरांतील आरओ यंत्राचें चालेल. मधल्या धुण्यास विहिरीचें गाळलेलें पाणी पुरे.

उष्णतामान राखण्यास मोठें घंगाळ घ्यावें. त्यांत आंघोळीच्या पाण्याइतकें कढत पाणी भरून बाटल्या व फिल्मची डबी गळ्यापर्यंत बुडवून ठेवावी. पाणी जितकें जास्त, तितकें तें सावकाश निवतें. मे महिन्यांत गच्चीवरील टाकीचें पाणी आयतेंच कढत येतें व उलट तें निववावें लागतें; डिसेंबरांत सव्वातीन मिनिटांतहि दोन अंश उतरतात. थर्मामीटर साधा असला तरी हरकत नाहीं, पण त्याची परीक्षा तापाच्या थर्मामीटरशीं करावी. तो नेमका याच उष्णतेपुरता बनविलेला असतो आणि घरोघर असतो. कांहीं संचांबरोबर कमी उष्णतेवर जास्त वेळ धुण्याचें कोष्टक येतें. वीज गेली, घंगाळ निवलें, अशा वेळीं त्याचा आधार घेण्यास प्रत्यवाय नाहीं. परंतु तिन्ही थर अशा मंद चालीनें बरोबरीनें चालतातच असें नाहीं. आजीच्या फिल्मसाठीं वीज येण्याची वाट पाहावी.

शेवटच्या बाटलीस पूर्वीं ‘स्टॅबिलायझर’ म्हणत. तींत फॉर्मालिन असे, आणि जुन्या फिल्मांतील किरमिजी रंग टिकण्यास तें अवश्य होतें. आतांच्या फिल्मांची घडण बदलली असल्यामुळें तें लागत नाहीं. हल्लींच्या शेवटच्या पाण्यांत पाणी निथळण्याचें द्रव्य व बुरशी मारणारें द्रव्य असतें. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत हें पाणी टाळलें तर लगेच कांहीं दिसणार नाहीं. मुळशीच्या पावसांत तसें नाहीं. फिल्मवरील थर सरसाचा आहे, आणि सरस हें बुरशीचें आवडतें अन्न आहे.

फिल्म विकत घेतांनाहि डबी वाचावी. चित्रपटासाठीं केलेली फिल्म कापून लहान डब्यांत भरून विकतात; ती स्वस्त असते व रंगहि सुरेख देते. परंतु तिची पद्धत ईसीएन-२, तिला सीडी-४ नव्हे तर सीडी-३ लागतें, आणि तिच्या पाठीवर बहुधा काजळीचा लेप असतो. तो आधीं काढला नाहीं तर सारें रसायन काळें होतें, आणि मागून येणाऱ्या फिल्मांसहि तो चिकटतो.

आतां वापरलेल्या रसायनाचें काय करावयाचें? शहरांत लोक तें मोरींत ओततात व विसरतात. रिह्यासारख्या गांवीं सांडपाणी घराशेजारच्या शोषखड्ड्यांत जातें, आणि खड्ड्यापासून थोड्या अंतरावर विहीर असते. वापरलेल्या हायपोंत किंवा ब्लिक्समध्यें फिल्ममधून निघालेली चांदी असते. पाण्यांतील सूक्ष्म जीवांस ती घातक. ब्लीचमधील लोहयुक्त द्रव्यहि सहजासहजीं कुजत नाहीं. हीं सर्व एका झांकणाच्या कॅनमध्यें सांठवावीं. हायपो निराळा ठेवून त्यांत भांडीं घासण्याचा लोखंडी काथ्या आठवडाभर बुडवून ठेवला, तर बरीचशी चांदी काळ्या गाळाच्या रूपानें खालीं बसते. मग गाळ व उरलेलें द्रव्य, दोन्हीहि, चांदी परत घेणाऱ्या किंवा रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्या ठिकाणीं द्यावीं. ज्या घरास हें करणें जमणार नाहीं, त्यानें फिल्म पुण्यास चालू असलेल्या प्रयोगशाळेंत धाडावी. विहिरीपेक्षां तो हेलपाटा स्वस्त.

धुवून झाली कीं फिल्म न्हाणीघरांत टांगावी. तत्पूर्वीं तेथें कढत पाणी सोडून वाफ केली म्हणजे हवेंतली धूळ खालीं बसते. ओली फिल्म दुधाळ दिसते, तिच्यावर नारिंगी झांक असते, आणि पहिल्यांदांच धुणाऱ्याचा जीव ती पाहून खालींवर होतो. नारिंगी झांक ही फिल्मच्या घडणींतलीच आहे. दुधाळपणा वाळल्यावर जातो. तीन-चार तासांनीं, पावसाळ्यांत कदाचित् दुसऱ्या दिवशीं. तोंवर तिला बोट लावूं नये, पंख्याखालीं धरूं नये, आणि आजीस दाखवावयाची घाई करूं नये.